माझ्या लेकीच्या पापणीत दुरुस्त करण्यासारखं काही नाही

सोल शहरातल्या शिन्सा आणि अपगुजॉंग भागात सौंदर्य-शस्त्रक्रियेचे दवाखाने चालवणाऱ्या सर्व डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची. 2004 साली कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी सोलजवळच्या सुवॉन शहरात आले, इथल्याच मुलाशी लग्न केलं आणि इथलीच झाले. आम्हाला एक मुलगी आहे, 2007 च्या जन्माची. रंग माझा, डोळे तिच्या बाबांचे. 2025 च्या 13 नोव्हेंबरला तिनं सुनुंगची परीक्षा दिली, आणि त्यानंतरच्या दहा दिवसांत जे घडलं त्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले. कोरियन भाषेतलं पत्र मी तुमच्यासाठी वेगळं पोस्टात टाकलं आहे. मराठीत लिहिते, कारण मनातलं मला याच भाषेत नीट सांगता येतं. आणि साताऱ्या-सांगलीपासून ठाण्यापर्यंत ज्या घरांतल्या मुली आज 'कोरियन स्किन' म्हणत आरशासमोर उभ्या असतात, त्यांच्या आयांनीही हे वाचावं असं वाटतं.

इथल्या नसलेल्यांसाठी सांगते, सुनुंग म्हणजे आपली बारावी आणि प्रवेश परीक्षा दोन्ही एकाच दिवसात. त्या दिवशी ऑफिसं उशिरा उघडतात, उशीर झालेल्या मुलांना पोलीस आपल्या गाडीतून केंद्रावर सोडतात, इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असतो तेवढा वेळ देशभरात विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत. आदल्या दिवशी सासूबाई चिकट तांदळाचे गोळे घेऊन आल्या. ते खाल्ले की पोर परीक्षेला 'चिकटतं', म्हणजे पास होतं, अशी इथली समजूत. सकाळी सहाला साताऱ्याहून आईचा फोन. तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते. "निघताना हातावर दही घाल तिच्या," एवढं सांगायला ती जागी राहिली होती. दोन्ही आज्यांचा प्रसाद घेऊन लेक गेली आणि संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर पांढऱ्या चेहऱ्यानं गेटातून बाहेर आली.

त्या परीक्षेच्या हॉल तिकिटाला इथे सुहॉमप्यो म्हणतात. ते दाखवलं की मुलांना सगळीकडे सवलत मिळते. सिनेमा, जेवण, केस कापणं. तीन वर्षं मान मोडून अभ्यास केलेल्या पोरांचं सगळं शहर मिळून कौतुक करतं, ते मला फार आवडतं. त्याच हॉल तिकिटावर तुम्हीही सवलत देता. पापणीवर, नाकावर, हनुवटीवर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण मार्चमध्ये कॉलेज सुरू होतं आणि तोवर सूज उतरलेली असते.

लेकीच्या वर्गातल्या तीन मैत्रिणींनी तारखा घेतल्या होत्या. एकीला तर आईवडिलांनीच शाळा संपल्याची भेट म्हणून पैसे दिले होते. लेक म्हणाली, "आई, नुसतं बघून येऊ." मी नाही म्हणू शकले असते. पण अठरा वर्षांच्या मुलीला दाराआड कोंडून तिच्या चेहऱ्याविषयी प्रेम शिकवता येत नाही, हे मला कळत होतं. म्हणून गेलो. सुवॉनमधल्या आमच्या ग्वांगग्योहून शिनबुनदांग मेट्रो लाइन आता थेट शिन्सापर्यंत जाते, गाडीसुद्धा बदलावी लागत नाही.

तुमच्यापैकीच एकाच्या दवाखान्यात आम्ही गेलो. नाव लिहीत नाही, कारण रस्त्यावरच्या दहा पाट्यांमागे हेच चालतं. आधी भेटल्या सल्लागार बाई, ज्यांना तुम्ही सांगदाम-शिलजांग म्हणता. त्या डॉक्टर नव्हेत. त्यांनी वीस मिनिटं माझ्या लेकीचा चेहरा टॅबलेटवर मोठा करून दाखवला आणि काय काय कमी आहे ते सांगितलं. आवाज अगदी मायेचा होता. मग वॉनजांगनिम आले, म्हणजे मुख्य डॉक्टर. त्यांना आमच्यासाठी चार मिनिटं होती. त्यांनी एक वाकवलेली बारीक तार घेतली, लेकीच्या डाव्या पापणीवर टेकवली, हलकेच आत दाबली, आणि तिच्या हातात आरसा दिला. तारेनं पापणीवर घडी पडली होती. डोळा मोठा दिसत होता. लेक आरशात पाहत होती आणि मी लेकीकडे. जन्मल्या क्षणापासून त्या डोळ्यांत मला तिचे बाबा दिसत आले आहेत. त्या तारेपुरते ते गेले. उजव्या डोळ्यात होते, डाव्यात नव्हते.

मग माझ्यासमोर कागद आला. एकोणीस वर्षं पूर्ण होईपर्यंत इथल्या कायद्यानं मूल सज्ञान होत नाही, त्यामुळे पालकांची सही लागते. सल्लागार बाई म्हणाल्या, आजच तारीख पक्की केली तर आणखी सवलत.

मी सही केली नाही. पण या पत्राचं कारण ती सही नाही, एक शब्द आहे.

त्या कागदावर शस्त्रक्रियेचं नाव होतं 'नुनमे ग्योजॉंग'. नुनमे म्हणजे डोळ्याची ठेवण. ग्योजॉंग म्हणजे दुरुस्ती. दातांना तारा लावतात त्यालाही हाच शब्द. मला इथे राहून वीस वर्षं झाली, मी स्वप्नंही अधूनमधून कोरियनमध्ये बघते, पण हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. पापणीचा स्नायू अशक्त असल्यामुळे पापणी बुबुळावर उतरते, दिसायला अडथळा येतो, असा आजार असतो हे मला माहीत आहे. त्याची दुरुस्ती करणाऱ्या डॉक्टरांचे हात पूजावेत असेच आहेत. पण माझ्या लेकीला शेवटच्या बाकावरून फळा दिसतो. तिच्या पापणीला घडी नाही एवढंच, जशी तिच्या बाबांच्या, आजीच्या, आणि इथल्या कितीतरी लोकांच्या पापणीला नाही. खुद्द सरकार 2011 पासून या शस्त्रक्रियेवर दहा टक्के कर लावतं, कारण कराच्या कायद्यात ती उपचारात मोडत नाही. कर भरताना ती हौस, आणि मुलीला खुर्चीत बसवल्यावर दुरुस्ती, हे कसं?

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात कातडीची जी छोटी घडी असते, ती कापण्याच्या शस्त्रक्रियेला तुम्ही 'उघडणं' म्हणता. ते पुढून उघडणं, आणि कानाकडचा कोपरा कापला की मागून उघडणं. म्हणजे तो डोळा आजवर मिटलेलाच होता? ज्या डोळ्यांनी तिनं रात्र रात्र जागून गणितं सोडवली?

मी कुणी शुद्ध, निर्दोष जागेवरून बोलत नाही, हे मला सांगितलं पाहिजे. बाळंतपणासाठी मी माहेरी गेले होते. न्हाऊ घालणाऱ्या मावशी रोज तेलाच्या बोटांनी बाळाचं नाक चिमटीत धरून वर ओढायच्या, चाफेकळी व्हावं म्हणून. पोर कळवळून रडायची आणि आम्ही सगळ्या बायका भोवती बसून हसायचो. काजळ घालताना आई रेघ जरा बाहेर ओढायची, डोळे टपोरे दिसावेत म्हणून. तीन महिन्यांनी सुवॉनला आले तर सासूबाई दर दोन तासांनी बाळाची मान या कुशीवरून त्या कुशीवर करायच्या, डोकं मागून चपटं राहू नये म्हणून. इथे डोक्याच्या गोलाईलाही सौंदर्यात मोल आहे. दोघीही जीव ओवाळून टाकणाऱ्या आज्या. त्या दोन घरांत माझी मुलगी घडत होती, अक्षरशः बोटांनी घडवली जात होती, आणि मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

पुढे दर मे महिन्यात साताऱ्याला गेलो की गल्लीतली पोरं तिला 'चिनी' म्हणायची, मिचमिचे डोळे करून दाखवायची. आणि त्याच वाड्यातल्या काकू "पण रंग उजळ आहे हो, बाबांवर गेली" म्हणून माझं सांत्वन करायच्या. सुवॉनला परत आलं की शाळेत ती वर्गातली सगळ्यांत काळी. इथल्या दुकानांत चेहऱ्याला लावायच्या कुशनला, म्हणजे डबीतल्या फाउंडेशनला, नंबर असतात, 21 म्हणजे उजळ आणि 23 म्हणजे सावळा. तिला 23 लावला तर गाल राखेसारखा दिसतो. सोळाव्या वर्षी ती दुकानातून रिकाम्या हातानं परत आली आणि म्हणाली, "माझ्या पुढचा नंबरच नाहीये."

तरी रंगाच्या बाबतीत या देशानं मला एकदा फार मोठा आनंद दिला आहे, तो तुम्हाला सांगायचा आहे. बालवाडीत तिच्या रंगपेटीत फिकट नारिंगी-गुलाबी खडू होता, त्यावर लिहिलेलं 'साल्गु-सेक', जर्दाळूचा रंग. आमच्या ह्यांच्या लहानपणी त्याच खडूवर 'साल-सेक' असायचं, कातडीचा रंग. कुणाच्या कातडीचा? हाच प्रश्न घेऊन 2001 मध्ये काही लोक राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेले. आयोगानं त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि 2002 मध्ये नाव बदललं. नवं नाव पुस्तकी, चिनी अक्षरांतून आलेलं, पोरांच्या तोंडी बसेना. मग 2004 मध्ये शाळेतल्या मुलांनीच अर्ज केला की आम्हाला कळेल असं नाव द्या. 2005 पासून जर्दाळू आला. मुलांच्या अर्जावर एका देशानं खडूचं नाव बदललं. माझी लेक त्या जर्दाळूनं फळं रंगवायची आणि आईचा चेहरा रंगवायला तपकिरी खडू घ्यायची, आणि कुणी तिला चूक म्हणालं नाही. नाव बदलल्यानं काय होतं असं मला कुणी विचारलं तर मी ती चित्रं काढून दाखवते. म्हणून मी तुमच्याकडे 'ग्योजॉंग' हा शब्द घेऊन आले आहे.

गोऱ्यांसारखं दिसण्यासाठी हे सगळं चाललंय, असं बाहेरचे लोक सरसकट म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. घडी असलेल्या पापण्या घेऊन इथे हजारो मुलं जन्माला येतात, आणि जपानमध्ये मिकामो नावाच्या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया 1896 मध्येच करून लिहून ठेवली होती. पण कोरियातली गोष्ट सांगताना 1954 वगळता येत नाही. कोरियन युद्ध नुकतं थांबलेलं, देश राखेत बसलेला, आणि अमेरिकी सैन्याबरोबर आलेले डॉ. मिलार्ड इथे पापण्यांवर शस्त्रक्रिया करत होते. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत एक दुभाषा होता. त्याला आपले डोळे गोल करून हवे होते, अमेरिकी माणसांना आपल्यावर विश्वास वाटावा म्हणून. मी त्या दुभाष्याचा फार विचार करते. त्याच्या डोळ्यांत काही बिघडलं नव्हतं, समोरच्याच्या नजरेत होतं. पोटासाठी त्यानं आपली पापणी पुढे केली. आज माझ्या लेकीसमोर कुणी परका सैनिक उभा नाही, तिच्याच भाषेत बोलणारी एक प्रेमळ बाई टॅबलेट घेऊन बसली आहे.

शिन युन-बोक यांचं 'मिइन्दो' तुम्ही सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलं आहे. कान्सोंग संग्रहातलं, जोसॉन राजवटीच्या काळातल्या सुंदरीचं चित्र. गोल भरलेला चेहरा, बारीक ओठ, घडी नसलेल्या निमुळत्या पापण्या, केसांचा केवढा मोठा अंबाडा, आणि बोटांत छातीवरच्या दागिन्याची दोरी. दोनशे वर्षांपूर्वी इथल्या सर्वांत रसिक डोळ्यानं सौंदर्य म्हणून जे पाहिलं ते हे. त्या चित्रातली बाई आज तुमच्या सल्लागार बाईंसमोर बसली तर त्या कुठून सुरुवात करतील? पापणीपासून, की हनुवटीपासून?

एवढं मागे जायलाही नको. माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या वेळी मुलीचा चेहरा चंद्रासारखा गोल असला की लोक म्हणायचे, श्रीमंताघरची थोरली सून शोभेल. चेहऱ्यावर भाग्य आहे, असं म्हणायचे. तो शब्द आता कुणी मुलीला म्हटला तर ती रडते. चाळीस वर्षांत भाग्याचा चेहरा 'मोठा चेहरा' झाला. शिन्साहून परत आल्यावर लेकीनं आजीला सगळं सांगितलं. आजीनं तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ही माझ्या आईची पापणी आहे." आजीच्या आईचा एकही फोटो उरलेला नाही, सगळं घर युद्धात गेलं. आमच्या घरात त्या बाईची शिल्लक राहिलेली एकमेव गोष्ट माझ्या लेकीच्या चेहऱ्यावर आहे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मला ठाऊक आहे, या देशातच या ओझ्याविरुद्ध बोलणाऱ्या मुली आहेत. 2018 मध्ये त्यांनी केस कापले, लिपस्टिका फोडल्या, 'कॉर्सेट काढून टाका' म्हणाल्या, म्हणजे सौंदर्याच्या नावाखाली अंगाला आवळणारं सगळं फेकून द्या. त्याच वर्षी इम ह्यॉन-जू या वृत्तनिवेदिका सकाळच्या बातम्यांना चष्मा लावून बसल्या आणि एवढ्याशा गोष्टीची देशभर बातमी झाली. एकेरी पापणीला इथे 'मूसांग' म्हणतात, आणि अभिनेत्री किम गो-उन त्याच डोळ्यांनी पडदा भरून टाकते. 2010 ला व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या बर्फावर स्केटिंगपटू किम यॉन-आनं सुवर्णपदक मिळवलं तेव्हा माझी लेक तीन वर्षांची होती, टीव्हीकडे बोट दाखवून "बाबासारखे डोळे" म्हणाली होती. हे मी त्या सल्लागार बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांचं वेगळं आहे, त्यांचे चेहरे छोटे आहेत. प्रत्येक उदाहरणाला तुमच्याकडे असं एक उत्तर तयार असतं.

प्रौढ बाईनं विचार करून पापणी शिवून घेतली तर तो तिचा प्रश्न. माझ्या दोन जवळच्या मैत्रिणींनी केलं आहे, दोघी सुखात आहेत, आणि त्यांच्याकडे बघताना माझ्या मनात काही येत नाही. माझी लेकही पंचविसाव्या वर्षी जाईल कदाचित. माझं मागणं वेगळं आहे. हॉल तिकिटावरची सवलत बंद करा. आयुष्यातल्या सर्वांत थकलेल्या आठवड्यात, निकालही हातात नसताना, आपण पुरेशा आहोत की नाही हे जेव्हा त्या पोरींना सर्वांत कमी कळत असतं, तेव्हा मुदतीची चिठ्ठी घेऊन त्यांच्या दारात उभे राहू नका. अठरा वर्षांचं मूल आलं तर त्याला आधी डॉक्टर भेटू द्या, विक्रीचं काम करणारं माणूस नको. त्याच दिवशी पैसे भरायला लावू नका, घरी जाऊ द्या, आज्यांशी बोलू द्या. आणि दुरुस्ती हा शब्द आजारी पापणीसाठी राखून ठेवा.

तुम्ही म्हणाल, एका आईच्या पत्रानं काय होतं. रुग्णाला बेशुद्ध करून शस्त्रक्रिया होते त्या खोलीत कॅमेरा असलाच पाहिजे हा कायदा 25 सप्टेंबर 2023 पासून लागू झाला, तो एका आईमुळेच. 2016 मध्ये तिचा चोवीस वर्षांचा मुलगा, क्वॉन दे-ही, जबड्याच्या शस्त्रक्रियेला गेला आणि परत आला नाही. तिनं त्या खोलीचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिलं, कोण कधी बाहेर गेलं ते लिहून काढलं, आणि संसदेच्या दारात उभी राहिली. लोक त्या कायद्याला तिच्या मुलाच्या नावानंच ओळखतात. माझं दुःख त्या माऊलीच्या दुःखाच्या पासंगालाही पुरत नाही. माझी मुलगी आत्ता शेजारच्या खोलीत झोपली आहे. पण त्या बाईमुळे मला पेन उचलायचा धीर आला.

शेवटी एका फोटोचं सांगते. सतराव्या वर्षी ओळखपत्रासाठी लेकीला घेऊन आम्ही फोटो स्टुडिओत गेलो होतो. फोटो काढल्यावर त्या तरुणानं तिला शेजारी बसवून स्क्रीनवरच जबडा आत घेतला, डोळे वाढवले, रंग उजळला, आणि "पापणीला घडी पण घालू का?" विचारलं. इथे ती रीतच आहे, पैशांत धरलेलं असतं. तेव्हा ती "घाला" म्हणाली होती आणि मी गप्प बसले होते. ओळखपत्रावर ती अजून तशीच आहे. गेल्या शनिवारी कॉलेजच्या अर्जासाठी पुन्हा फोटो काढायचा होता. या वेळी ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तसाच राहू द्या." त्यानं दोनदा विचारलं. पैसे तेवढेच घेतले. फोटोत डाव्या पापणीवर थोडी सूज आहे, आदल्या रात्री मैत्रिणीशी उशिरापर्यंत बोलत बसली होती म्हणून. साताऱ्याला एक प्रत पाठवली आहे.

सोबत सही न केलेलं संमतिपत्र आणि सवलतीचं पत्रक परत पाठवत आहे. पत्रकावर मुदत फेब्रुवारीअखेरची आहे.

आपली,
एक आई
सुवॉन